‘लाइव्ह फोटो’ नापास का होतो?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोकरभरती आणि प्रवेश परीक्षांच्या बऱ्याच ऑनलाइन अर्जांत आता घरून आणलेला पासपोर्ट फोटो पुरत नाही, सोबत ‘लाइव्ह फोटो’ही मागतात. अर्जाच्या पानावरच वेबकॅम सुरू होतो, समोर बसलेल्याचा चेहरा दिसतो आणि बटण दाबले की त्या चालत्या चित्रातली एक फ्रेम फोटो म्हणून उचलली जाते. अशोकस्तंभापासून नाशिकरोडपर्यंतच्या सायबर कॅफेंत आणि सेवा केंद्रांत अर्जांच्या मोसमात रांग अडते ती याच बटणापाशी. कुणाचा फोटो काळाकुट्ट येतो, कुणाचा चेहरा दाबल्यासारखा चपटा दिसतो, कुणाच्या फोटोवर आडवे पट्टे उमटतात. मग काउंटरवरून ठरलेले उत्तर मिळते : ‘कॅमेरा खराब आहे, दुसरीकडे जाऊन बघा.’ पेठ किंवा सुरगाण्याहून एसटीने आलेल्या मुलीला हे ‘दुसरीकडे’ अख्ख्या दिवसाला आणि दुसऱ्यांदा द्याव्या लागणाऱ्या पैशांना पडते.

वेबसाइट तयार करणे आणि अशा केंद्रांवरची यंत्रे चालती ठेवणे हेच आमचे काम असल्याने हे ठामपणे सांगतो : यातले बहुतेक फोटो कॅमेऱ्यामुळे बिघडत नाहीत. ते बिघडतात पानाच्या कोडमधल्या चार-पाच नेहमीच्या चुकांमुळे आणि टेबलावरच्या प्रकाशामुळे. दोन्ही गोष्टी जवळजवळ फुकटात सुधारतात. अर्जदार मात्र दोन्हींचा भुर्दंड निमूट भरतो, कारण चूक कुठे आहे हे त्याला कुणी सांगतच नाही.

आधी पानाच्या आत काय घडते ते पाहू. पान ब्राउझरकडे ‘गेटयूझरमीडिया’ या आज्ञेने कॅमेरा मागते. ब्राउझर माणसाला परवानगी विचारतो. होकार मिळाला की चित्रांचा प्रवाह पानाला मिळतो आणि तो व्हिडिओच्या चौकटीत दिसू लागतो. बटण दाबल्यावर ‘ड्रॉइमेज’ ही आज्ञा त्या क्षणाची फ्रेम ‘कॅनव्हास’ नावाच्या अदृश्य पाटीवर उतरवते आणि ‘टूब्लॉब’ त्या पाटीची जेपेग फाइल करून देते. पूर्वी याच कामाला फ्लॅश प्लेयर लागायचा, तो ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाला. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ही सोय त्याच्या कितीतरी आधीपासून होती, आयफोनच्या सफारीत २०१७ मध्ये आली. म्हणजे आज फोटोसाठी कुठलेही वेगळे सॉफ्टवेअर बसवावे लागत नाही. एखादे पान अजूनही ‘प्लगइन डाउनलोड करा’ म्हणत असेल तर ते जुनाट तरी आहे किंवा संशयास्पद तरी, आणि केंद्रचालकांनी तसले काही बसवू नये.

पहिली अडचण परवानगीच्याही आधी येते. कॅमेरा फक्त सुरक्षित पत्त्यावरच मिळतो, म्हणजे पत्ता एचटीटीपीएसने सुरू झाला पाहिजे. याला अपवाद एकच, पान ज्या संगणकावर तयार होते तोच संगणक, म्हणजे लोकलहोस्ट. घोळ इथेच होतो. करणाऱ्याच्या यंत्रावर सगळे सुरळीत चालते. मग तेच पान एखाद्या कॉलेजच्या अंतर्गत नेटवर्कवर १९२.१६८ने सुरू होणाऱ्या साध्या एचटीटीपी पत्त्यावर ठेवले जाते आणि शेजारच्या संगणकावर कॅमेरा मागितला की काहीच होत नाही. परवानगीची चौकटसुद्धा येत नाही, कारण अशा पत्त्यावर ब्राउझर ती सोय पानाला दाखवतच नाही. क्रोमच्या प्रयोगी सेटिंग्जमध्ये जाऊन ही अट उठवण्याचा शॉर्टकट काही ठिकाणी वापरतात. तो करू नये. शेकडो लोकांचे फोटो आणि कागद हाताळणाऱ्या यंत्रावरचे कुलूपच त्याने निघते. एचटीटीपीएससाठी लागणारे सर्टिफिकेट मोफत मिळते, ते बसवावे. पान दुसऱ्या पानाच्या आत, आयफ्रेममध्ये, दाखवले जात असेल आणि आतला पत्ता वेगळा असेल तर बाहेरच्या पानाने त्या चौकटीला ‘अलाऊ कॅमेरा’ अशी स्पष्ट मुभा द्यावी लागते. ती दिली नाही तर माणसाला न विचारताच नकार येतो आणि ‘तुम्हीच परवानगी नाकारलीत’ असा उलटा आरोप पडद्यावर झळकतो.

आता काळ्या फोटोचे. कॅमेरा सुरू झाल्याची खूण, म्हणजे त्याचा छोटा दिवा, लागली म्हणजे चित्र आले असे नसते. दिवा लागल्यापासून पहिली फ्रेम पानात पोचेपर्यंत थोडा वेळ जातो, जुन्या लॅपटॉपवर तो चांगला जाणवतो. तेवढ्यात बटण दाबले गेले किंवा पानाने आपण होऊन फोटो घेतला तर कॅनव्हासवर काहीच उतरत नाही. रिकामा कॅनव्हास पारदर्शक असतो. जेपेगला पारदर्शकता ठाऊक नाही, म्हणून फाइल करताना त्या जागी काळा रंग भरला जातो. तीच फाइल पीएनजी केली तर पांढऱ्या पानावर ती कोरी दिसते. काळा आणि कोरा ही एकाच चुकीची दोन रूपे आहेत, आणि कॅमेऱ्याचा त्यात काडीचाही दोष नाही. उपाय साधा : व्हिडिओने ‘प्लेइंग’ची सूचना देईपर्यंत आणि त्याची रुंदी शून्यापेक्षा जास्त होईपर्यंत बटण निष्क्रिय ठेवायचे. नव्या ब्राउझरांत ‘रिक्वेस्टव्हिडिओफ्रेमकॉलबॅक’ आहे, ते प्रत्येक खऱ्या फ्रेमला हाक देते. ते असेल तिथे वापरावे, नसेल तिथे ‘प्लेइंग’वर भागवावे. त्यावर आणखी दोन सेकंद थांबावे ही आमची आग्रहाची सूचना. कॅमेरा सुरू होताना उजेड आणि रंग यांचा अंदाज घेत असतो, पहिल्या काही फ्रेम अंधाऱ्या किंवा निळसर-पिवळ्या येतात. पडद्यावर ३, २, १ अशी उलटी मोजणी दाखवली की हा वेळ आपोआप मिळतो आणि समोरचा माणूसही सावरून बसतो.

चपटा चेहरा ही दुसरी मोठी तक्रार. कॅनव्हासला माप दिले नाही तर तो ३०० बाय १५० पिक्सेलचा असतो, म्हणजे उंचीच्या दुप्पट रुंद. वेबकॅमची फ्रेम बहुधा ६४० बाय ४८० किंवा १२८० बाय ७२० असते. ती या पाटीवर दाबून बसवली की गाल पसरतात. काही पानांवर माप दिलेले असते, पण ते थेट फोटोचेच, आणि आडवी फ्रेम त्या उभ्या चौकटीत कोंबली जाते. मग चेहरा बाजूंनी चेपतो आणि लांबुळका होतो. बँकांच्या भरतीत रूढ असलेले २०० बाय २३० पिक्सेलचे माप घेऊ. फ्रेम १२८० बाय ७२० असेल तर पूर्ण उंची, ७२० पिक्सेल, घ्यायची. तिला साजेशी रुंदी ७२० गुणिले २०० भागिले २३०, म्हणजे ६२६ पिक्सेल. १२८० मधून ६२६ वजा केले की ६५४ उरतात, त्याचे अर्धे ३२७. म्हणजे डावीकडून ३२७ पिक्सेल सोडून ६२६ बाय ७२० चा मधला तुकडा उचलायचा आणि तो २०० बाय २३० च्या कॅनव्हासवर उतरवायचा. ‘ड्रॉइमेज’ला फ्रेमसोबत आठ आकडे देता येतात ते याच कामासाठी. चेहरा ताणला जात नाही, फक्त कडा कापल्या जातात. कुठला भाग कापला जाणार हे माणसाला आधी कळावे म्हणून चालत्या चित्रावर तेवढीच उभी चौकट आखून दाखवावी. नाहीतर तो बाजूला बसतो आणि फोटोत अर्धा कान जातो.

यातले १२८० आणि ७२० हे आकडे कोडमध्ये कायमचे लिहून ठेवू नयेत. फोन उभा धरला की फ्रेमही उभी होते, रुंदी आणि उंचीची अदलाबदल होते, आणि आडवे माप धरून बसलेले पान पुन्हा चेहरा ताणते. बटण दाबण्याच्या क्षणी व्हिडिओचीच ‘व्हिडिओविड्थ’ आणि ‘व्हिडिओहाइट’ विचारायची आणि त्यावरून हिशेब करायचा. कॅमेऱ्याकडे माप मागतानाही ‘आयडियल’ म्हणून मागावे, ‘एक्झॅक्ट’ म्हणून नाही. ‘आयडियल’ १२८० मागितले आणि कॅमेरा ६४० चाच असला तर तो ६४० देतो आणि काम निभते. ‘एक्झॅक्ट’ मागितले तर ब्राउझर सरळ ‘ओव्हरकन्स्ट्रेन्ड’ म्हणून हात वर करतो आणि जुना पण धडधाकट कॅमेरा नापास ठरतो. उलट काहीच मागितले नाही तर क्रोम सहसा ६४० बाय ४८० वरच थांबतो, कॅमेरा कितीही चांगला असला तरी. नवा महागडा वेबकॅम आणूनही फोटो तसाच मळकट येतो, याचे कारण पुष्कळदा हेच असते.

फाइलच्या वजनाचा छळ वेगळाच. ‘२० ते ५० केबी’ ही अट आपल्याकडे सर्रास असते. पण २०० बाय २३० पिक्सेलच्या नीट काढलेल्या फोटोची जेपेग कित्येकदा २० केबीच्या खालीच भरते आणि अर्ज ‘फोटो लहान आहे’ म्हणून अडतो. लोक मग कुठल्या तरी वेबसाइटवर जाऊन फाइल फुगवून आणतात. दर्जा तसूभरही वाढत नाही, फोटो मात्र अनोळखी सर्व्हरवर जाऊन बसतो. फोटो पानानेच काढलेला असताना वजनाचे ओझे अर्जदारावर टाकणे आम्हाला अन्यायाचे वाटते. पानाने पिक्सेल तपासावेत आणि वजन स्वतः जमवावे. ‘टूब्लॉब’ला दर्जाचा आकडा ० ते १ मध्ये देतात. ०.९ पासून सुरुवात करून फाइल जड झाली तर ०.१ ने खाली यावे, दोन-तीन फेऱ्यांत काम होते. काही जण हा आकडा टक्केवारीत ९० असा लिहितात. तो हद्दीबाहेरचा असल्याने ब्राउझर मुकाट दुर्लक्ष करतो आणि आपलाच नेहमीचा दर्जा वापरतो, मग दर्जा कमी करूनही वजन का घटत नाही याचा शोध सुरू होतो. पीएनजीवर तर या आकड्याचा परिणामच नसतो. चेहऱ्याच्या फोटोला पीएनजी वापरूच नये. १२८० बाय ७२० ची पीएनजी मेगाबाइटच्या पुढे सहज जाते. त्यात ‘टूडेटायूआरएल’ने तिची अक्षरांची माळ केली की वजन आणखी एक तृतीयांशाने वाढते. एनजिनएक्स हे सर्व्हरवर पाने पुरवणारे सॉफ्टवेअर मुळात १ एमबीच्या वरचे काही स्वीकारत नाही, ती मर्यादा मुद्दाम वाढवावी लागते. फोटो दिसतो, ‘सबमिट’ दाबल्यावर पान लटकते किंवा ४१३ क्रमांकाची चूक येते, त्यामागे ही साखळी असू शकते.

आयफोनसाठी दोन ओळी. व्हिडिओला ‘प्लेजइनलाइन’ (जागेवरच चालव) आणि ‘म्यूटेड’ (आवाज बंद) हे दोन्ही गुण द्यावेत, नाहीतर चित्र पूर्ण पडद्यावर उडी घेते किंवा सुरूच होत नाही. आणि दुसऱ्या ॲपमध्ये आलेली लिंक त्या ॲपच्याच पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडली तर कॅमेरा मिळेलच याची खात्री नसते. आयओएसमध्ये तशी मुभा १४.३ या आवृत्तीपासूनच आली, अँड्रॉइडवर ती ॲप करणाऱ्याने द्यावी लागते. अशा वेळी ‘ही लिंक क्रोम किंवा सफारीत उघडा’ एवढे पानाने सांगितले तरी पुरे.

आरशासारख्या चित्राबद्दलही गैरसमज आहे. समोरचे चालते चित्र आरशासारखे उलटे दाखवतात, कारण त्यात माणसाला नीट बसता येते. हे उलटणे फक्त दाखवण्यापुरते असते, कॅनव्हासवर उतरते ते सरळ. त्यामुळे ‘भांग उजवीकडचा डावीकडे गेला’ अशी तक्रार येते आणि काही जण ती ऐकून फोटोही उलटा करून ठेवतात. ओळखीच्या फोटोत तसे करू नये. तपासणारा अधिकारी माणसाला आरशात नाही, समोर पाहणार असतो.

अडचण आली की पान काय बोलते, हा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ब्राउझर प्रत्येक कारण वेगळ्या नावाने सांगतो, पण बहुतेक पाने सगळ्यांवर ‘कॅमेरा एरर’ एवढाच शिक्का मारतात. ‘नॉटअलाऊड’ आले तर लिहावे : ‘कॅमेऱ्याची परवानगी बंद आहे. पत्त्याच्या डावीकडच्या खुणेवर क्लिक करा, कॅमेरा सुरू करा आणि पान पुन्हा उघडा.’ एकदा ब्लॉक केले की क्रोम पुन्हा विचारत नाही, हे बहुतेकांना माहीत नसते. ‘नॉटफाउंड’ आले तर : ‘कॅमेरा जोडलेला दिसत नाही. वायर काढून पुन्हा लावा.’ ‘नॉटरीडेबल’ आले तर : ‘कॅमेरा दुसरा प्रोग्रॅम वापरत आहे. मीटिंगचे ॲप किंवा दुसरा ब्राउझर बंद करा.’ विंडोजवर हे तिसरे कारण फार आढळते. ऑनलाइन मीटिंगचे ॲप खाली कोपऱ्यात जागेच असते आणि कॅमेरा सोडत नाही. या तीन वाक्यांनी काउंटरवरची निम्मी वादावादी मिटेल. ती मराठीत असावीत हे वेगळे सांगायला नको.

एवढे करूनही कॅमेरा नाहीच मिळाला तर दार बंद करू नये. फोनवर ‘इनपुट फाइल’ला ‘कॅप्चर’ हा गुण दिला की थेट फोनचा कॅमेरा उघडतो आणि फोटो पानात येतो. संगणकावर मात्र त्याच जागी फाइल निवडण्याची खिडकी उघडते, म्हणून ही पर्यायी वाट फोनपुरतीच मानावी.

आता केंद्रचालकांकडे येतो. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग कॅमेरा या पानावर डेस्कटॉप ॲप्सना परवानगी देणारे वेगळे बटण खाली असते. वरचे बटण सुरू आणि हे बंद असेल तर क्रोमला कॅमेरा मिळत नाही. लॅपटॉपला बाहेरचा वेबकॅम जोडला असेल तर क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये कॅमेऱ्याची यादी असते, तिथे बाहेरचा निवडून ठेवावा, नाहीतर झाकण अर्धे मिटलेल्या लॅपटॉपचा कॅमेरा छताचा फोटो काढत राहतो. वेबकॅम स्वस्त यूएसबी हबमधून किंवा ५ मीटरपेक्षा लांब वायरीने जोडू नये. ७२० ओळींचे चित्र न दाबता सेकंदाला ३० वेळा पाठवायचे तर सुमारे ४४२ मेगाबिट लागतात आणि यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादाच ४८० आहे. कॅमेरे चित्र दाबून पाठवतात म्हणून ते निभते, पण त्याच हबवर पेनड्राइव्ह आणि बोटांचे ठसे घेणारे यंत्र असेल तर चित्र अडखळते. मागच्या पोर्टला थेट जोडावा.

फोटोवरचे आडवे पट्टे हा विजेचा खेळ आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. बाहेरदेशी विकायला बनवलेले बरेच कॅमेरे ६० हर्ट्झवर लावलेले असतात. ते एक साठांश सेकंद उघडे राहतात, तेवढ्यात दिव्याचे पावणेदोनच्या आसपास हेलकावे होतात, आणि कॅमेरा ओळीमागून ओळ टिपत असल्याने काही ओळींना जास्त उजेड मिळतो, काहींना कमी. तेच पट्टे. कॅमेऱ्यासोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा ड्रायव्हरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉवरलाइन फ्रीक्वेन्सी’ किंवा ‘अँटी-फ्लिकर’ अशी जागा असते, तिथे ५० हर्ट्झ निवडायचे. उघडे राहण्याचा वेळ एक पन्नासांश किंवा एक शतांश होतो, प्रत्येक ओळीला पूर्ण हेलकावे मिळतात आणि पट्टे जातात. ही एक गोष्ट पानाच्या कोडमधून करता येत नाही, ती केंद्रचालकानेच करायची आहे.

प्रकाशाचा विषय आणखी गंभीर आहे, कारण त्यात भेदभाव नकळत शिरतो. अर्जांना पांढरी पार्श्वभूमी लागते म्हणून मागे पांढरे कापड किंवा चकचकीत फ्लेक्स लावतात. कॅमेरा संपूर्ण फ्रेमचा सरासरी उजेड मध्यम ठेवायचा प्रयत्न करतो. फ्रेममध्ये पांढरे जास्त असले की तो उजेड कमी करतो, आणि त्यात सावळा चेहरा बुडतो. गोऱ्या माणसाचा फोटो पास होतो, त्याच खुर्चीवर बसलेल्या सावळ्या मुलाचा ‘चेहरा स्पष्ट नाही’ म्हणून परत येतो. दोष कॅमेऱ्याचा नाही, मुलाचा तर नाहीच. भिंतीपेक्षा चेहऱ्यावर जास्त उजेड पाडला की हे सुटते. ९ वॅटचे दोन पांढरे एलईडी बल्ब कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना, डोळ्यांपेक्षा किंचित वर, चेहऱ्यापासून तीनेक फुटांवर तिरके लावावेत. उजेड मऊ व्हावा म्हणून पुढे बटर पेपर, बल्बपासून वीतभर लांब. अर्जदार मागच्या कापडापासून दीड-दोन फूट पुढे बसावा म्हणजे सावली कापडावर पडत नाही. फ्लेक्सऐवजी साधे सुती कापड घ्यावे, ते चमकत नाही. कॅमेरा मॉनिटरवरून खाली वाकून पाहत असेल तर त्याला डोळ्यांच्या रेषेत आणावे आणि चेहऱ्यापासून अडीच फूट ठेवावे. अगदी जवळून घेतला तर नाक मोठे येते. चष्म्यावर दिवा चमकला तर चष्मा काढायला लावण्याआधी दिवे थोडे वर आणि बाहेर सरकवून बघावे. खिडकी अर्जदाराच्या पाठीमागे नको, हे तर प्रत्येक काउंटरवर लिहून लावावे.

आपल्याकडे प्रवेशाचे अर्ज आणि पाऊस एकदमच येतात. जुलैत इगतपुरी-त्र्यंबकला भर दुपारी दिवे लावावे लागतात, शहरातही ढगाळ असते. उजेड कमी झाला की वेबकॅम सेकंदाला ३० फ्रेमऐवजी १५ किंवा त्याहून कमी घेतो आणि प्रत्येक फ्रेमसाठी जास्त वेळ उघडा राहतो. तेवढ्यात मान हलली, पापणी लवली, की फोटो पुसट. दिवे पुरेसे असतील तर हे होत नाही. पान करणाऱ्यांसाठी एक युक्ती : बटण दाबल्यावर एकाऐवजी पाच फ्रेम घ्याव्यात, पाचांचीही सारख्याच दर्जाने जेपेग करावी आणि सर्वांत जड असेल ती ठेवावी. माणूस तोच आणि जागा तीच असताना पुसट चित्राची जेपेग हलकी होते, स्पष्ट चित्राची जड. ही काही प्रयोगशाळेतली कसोटी नाही, पण पाच फ्रेममधून बरी फ्रेम निवडायला पुरेशी आहे. अंधार ओळखण्यासाठी फ्रेम ६४ बाय ३६ इतकी लहान करून तिच्या सगळ्या पिक्सेलचा सरासरी उजेड काढावा. २५५ पैकी ४० च्या खाली असेल तर फोटो पुढे न पाठवता तिथेच सांगावे : ‘उजेड कमी आहे, दिवा लावून पुन्हा घ्या.’ चेहऱ्याच्या चौकटीपुरती हीच तपासणी वेगळी केली तर पांढऱ्या कापडामुळे बुडालेला चेहराही पकडता येतो.

सिंहस्थ तोंडावर आहे. तात्पुरत्या पासांची किंवा स्वयंसेवकांची नोंदणी ब्राउझरमधून फोटो घेऊन करायची ठरली, तर ती मांडवांत होणार हे गृहीत धरावे. निळ्या ताडपत्रीखाली चेहरे निळे येतात, भगव्या कापडाखाली केशरी, आणि सगळाच उजेड रंगीत असल्याने कॅमेऱ्याला तो रंग पुरता काढता येत नाही. नोंदणीच्या टेबलांवर तरी छत पांढरे असावे. आणि इंटरनेट अडखळणारच असल्याने फोटो ५० केबीच्या आत ठेवून, पाठवणे फसले तर तो हरवू न देता पानाने पुन्हा पाठवावा. माणसाला पुन्हा रांगेत उभे करू नये.

फोटो घेऊन झाल्यावर कॅमेरा बंद करणे हेही पानाचेच काम आहे. व्हिडिओची चौकट लपवली म्हणजे कॅमेरा बंद होत नाही, प्रवाहातल्या प्रत्येक ‘ट्रॅक’ला ‘स्टॉप’ सांगावे लागते. दिवा जळत राहिला तर समोर बसलेल्या बाईमाणसाला अवघडल्यासारखे होते, आणि ते रास्तच आहे. केंद्रांच्या संगणकांवर डाउनलोडच्या फोल्डरमध्ये अनोळखी लोकांचे फोटो साठत जातात, त्याची तर गरजच नाही, कारण कॅनव्हासवरचा फोटो डिस्कवर न ठेवता थेट सर्व्हरकडे जाऊ शकतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे आणि त्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या संमतीची वेगळी अट आहे. बारावीनंतरच्या प्रवेशाचे अर्ज भरणारी कितीतरी मुले त्या वयात मोडतात. सामायिक संगणकावर कॅमेऱ्याची परवानगी नेहमीसाठी न देता त्या वेळेपुरतीच द्यावी.

‘लाइव्ह’ या अटीबद्दलही कार्यालयांनी फाजील विश्वास ठेवू नये. ब्राउझरला खरा कॅमेरा आणि सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी कॅमेरा यांतला फरक खात्रीने कळत नाही. ज्याला फसवायचे आहे तो तयार व्हिडिओ पुढे करू शकतो. म्हणजे ही अट प्रामाणिक माणसालाच जास्त जाचते. परीक्षेच्या किंवा पडताळणीच्या दिवशी माणसाने माणसाचा चेहरा पाहणे याला पर्याय नाही, आणि ते होणारच असेल तर किंचित मळकट फोटोसाठी आधीच अर्ज बाद करण्यात अर्थ नाही.

म्हणून आमची मागणी सरकारी-निमसरकारी कार्यालये, विद्यापीठे आणि त्यांच्यासाठी पाने तयार करणाऱ्या कंपन्या यांच्याकडे आहे. अर्ज खुले होण्याआधी फोटोचे पान चार ठिकाणी चालवून बघावे : चार-पाच वर्षे जुना विंडोज लॅपटॉप, बाहेरचा वेबकॅम लावलेला संगणक, उभा धरलेला साधा अँड्रॉइड फोन आणि आयफोनची सफारी. प्रत्येकावर एकदा परवानगी नाकारून, एकदा दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये कॅमेरा अडकवून, एकदा खोलीतले दिवे घालवून. याला अर्धा दिवस लागतो. ही चाचणी कामाच्या करारातच लिहावी आणि तिचा निकाल पाहिल्याशिवाय पान स्वीकारू नये. काढलेला फोटो अर्जदाराला मोठा करून दाखवावा, पुन्हा काढण्याची मुभा फी भरेपर्यंत द्यावी, आणि फोटो नाकारायचाच असेल तर कारण त्याच पानावर, त्याच मिनिटाला, मराठीत कळवावे. दहा दिवसांनी एसएमएसवर ‘फोटो अमान्य’ एवढेच कळून सुरगाण्याच्या मुलीला काहीही करता येत नाही.

आपले,
वेबसाइट आणि सेवा केंद्रांचे तांत्रिक काम करणारे काही वाचक,
नाशिक